मूलनिवासी कादंबऱ्यांतलं पिणं, आघात आणि तुटलेली नाती कशी वाचावीत?

प्रश्न असा आहे : एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी अमेरिका-कॅनडातल्या मूलनिवासी लेखकांच्या तीन कादंबऱ्या घेतल्या आहेत. लेस्ली मार्मन सिल्को यांची ‘सेरेमनी’ (१९७७), लुईझ अर्ड्रिक यांची ‘लव्ह मेडिसिन’ (१९८४) आणि रिचर्ड वागमीझ यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२). तिन्हींत माणसं पितात, हाणामाऱ्या करतात, घरच्यांपासून तुटतात. ‘वसाहतवादामुळे आघात, आघातामुळे व्यसन, व्यसनामुळे नाती तुटली’ एवढं लिहिलं की लेखन तिथेच अडतं. पुढे कसं जायचं?

उत्तर :

तुमची साखळी खोटी नाही, पण कड्या उलट्या लागल्या आहेत. या तिन्ही कादंबऱ्यांत नातं आधी तुटतं किंवा तोडलं जातं. दारू मागाहून येते आणि त्या रिकाम्या जागेत बसते. मराठीत आपण ‘दारूच्या आहारी गेला’ म्हणतो, तेव्हा दोष माणसाचा. ‘दारूनं घर धुऊन नेलं’ म्हणतो, तेव्हा दोष दारूचा. घर आधीच कुणीतरी नेलेलं होतं, हे तिसरं वाक्य आपल्या तोंडी सहज येत नाही. तुम्हाला सिद्ध करायचं आहे ते हेच, आणि तेही पानापानातल्या पुराव्यानं.

त्यासाठी तीन कामं करा : नात्यांचा तक्ता, पिण्याच्या प्रसंगांची वही आणि मग तारखा. क्रम बदलू नका. तारखांपासून सुरुवात केली की कादंबरी म्हणजे इतिहासाला उदाहरणं पुरवणारं पुस्तक होऊन बसते, आणि तुम्ही आत्ता अडकला आहात ते नेमकं याच जागी.

नात्यांचा तक्ता

आडवा कागद घ्या. प्रत्येक मुख्य पात्राला एक ओळ आणि चार रकाने : जन्म कोणी दिला, वाढवलं कोणी, शिकवलं कोणी, आणि यांतलं कोण कधी गेलं. पाचवा रकाना रिकामा सोडा, त्याचं काम शेवटी आहे. सगळं पेन्सिलीनं भरा. नाती मात्र मराठीत लिहा. इंग्रजीत मामा, काका, मावशीचा नवरा हे सगळे एकाच शब्दात कोंबले जातात. मराठीत ते कोंबता येत नाहीत आणि सिल्को ज्या न्यू मेक्सिकोतल्या लगुना प्युब्लो समाजाच्या, त्याच्या घरातही ते कोंबता येत नाहीत. या बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या एक पाऊल पुढे असतो. ते पाऊल वाया घालवू नका.

‘सेरेमनी’तला टायो घ्या. आई लॉरा, बाप कुणी गोरा. चार वर्षांचा असताना आई त्याला आपल्या माहेरी सोडून निघून जाते. वाढवते ती थोरली मावशी, जिला सगळे आँटी म्हणतात. शिकवतो तो जोसाया. जोसाया टायोचा मामा लागतो. लगुनांमध्ये कूळ आईकडून चालतं आणि मुलाला घडवण्यात मामाचा वाटा मोठा असतो. टायो दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सच्या जंगलात आहे. जपानी कैद्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम येतो आणि त्या रांगेत त्याला जोसायाचा चेहरा दिसतो. त्याचं बोट चापावर चालत नाही. इंग्रजीतला ‘अंकल’ डोळ्यांपुढे ठेवून हा प्रसंग वाचला तर तो थकलेल्या सैनिकाचा भास वाटतो. मामा म्हणून वाचला की कळतं, ज्यानं जगायला शिकवलं त्याच्यावरच बंदूक रोखायची वेळ आली आहे.

आता रॉकी, म्हणजे मावशीचा मुलगा. मराठीत तो टायोचा भाऊच झाला, मावस असला तरी. पण त्या घरात मावशीनं वर्षानुवर्षं दक्षता घेतली आहे की रॉकीनं टायोला भाऊ म्हणू नये. बहिणीनं घराण्याला लावलेला डाग म्हणजे हा मुलगा. आपण त्याला पोसतो हे गावाला दिसलं पाहिजे, आणि तो आपला नाही हेही दिसलं पाहिजे. पुढे दोघं सैन्यात नाव नोंदवायला जातात. तिथे रॉकी भरती करणाऱ्याला सांगतो की हा माझा भाऊ, आम्ही एकत्र जाऊ शकतो ना? तो शब्द टायो आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो. सैन्यात तो जातो तो त्या शब्दापायी. रॉकी युद्धकैदी असताना मरतो आणि त्याला घरी परत आणायचं टायोचं वचन मोडतं. परत आल्यावर टायो पितो. त्याच्या पिण्याचं कारण म्हणून नुसतं ‘युद्ध’ लिहिलंत तर मावशीनं दारातच अडवलेला शब्द तुमच्या प्रबंधिकेतही अडूनच राहील.

मावशीला खलनायिका करू नका. ‘चार लोक काय म्हणतील’ या धाकात जगणारी बाई आपल्याला नवी नाही. तिच्यावर चर्चचाही पगडा आहे आणि गावाच्या जिभेचाही. तिच्या कडवटपणाला कारण दिसतं, तरी तिनं मुलाला दिलेला चटका कमी होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात राहू द्या.

‘लव्ह मेडिसिन’चा तक्ता भरायला चिकाटी लागते. पुस्तक उघडतं तेच जून नावाच्या बाईच्या मरणानं. १९८१ सालचा ईस्टर, नॉर्थ डकोटातलं विलिस्टन गाव, बारमध्ये भेटलेला परका माणूस, आणि मग बर्फाच्या वादळात पायी घराकडे निघालेली बाई. जून ही घरातली कर्ती बाई मारी हिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. मारीनं तिला घरात घेतलं, पुढे ती रानात राहणाऱ्या ईलायकडे वाढली. तिचा नवरा गॉर्डी हा मारीचाच मुलगा. किंग हा जून आणि गॉर्डीचा मुलगा. लिप्शा हाही जूनचा मुलगा, पण त्याला ते ठाऊक नाही. आपल्या आईला आपण नकोसे होतो, एवढंच ऐकत तो मारीच्या हाताखाली मोठा झाला. त्याच्या ओळीतला पहिला रकाना पुस्तकाच्या अखेरीपर्यंत कोरा राहतो. तो कोरा ठेवूनच वाचत जा. शेवट माहीत झाल्यावर दुसऱ्यांदा वाचलंत की दिसेल, पहिल्या पानावर मेलेल्या बाईचं सुतक ज्यानं धरायचं तो मुलगा तिला आई म्हणून ओळखतच नव्हता.

‘इंडियन हॉर्स’मधल्या सॉलची ओळ पटापट भरते आणि तितक्याच पटापट खोडावी लागते. भाऊ बेंजामिन शाळेतून पळून येतो आणि क्षयानं जातो. आईवडील त्याचं प्रेत घेऊन पाद्र्याकडे निघतात आणि परत येत नाहीत. आजी नाओमी नातवाला थंडीपासून वाचवत रेल्वे स्टेशनापर्यंत आणते आणि त्याला कवटाळूनच गोठून मरते. तिच्या मिठीतून त्याला काढून सेंट जेरोम या निवासी शाळेत, म्हणजे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडण्यासाठी काढलेल्या शाळेत, घातलं जातं. पुस्तकाचा थोडा भाग झालेला असतो आणि चारही रकान्यांवर काट मारलेली असते. दारू अजून कुठेच नाही. प्रबंधिकेत हे पहिल्यांदा लिहा.

पिण्याच्या प्रसंगांची वही

कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना पिण्याचा प्रत्येक प्रसंग वहीत टिपा. दर प्रसंगाला पाच नोंदी : कुठे, कोणाबरोबर, पैसे कोणाचे, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आणि पिता पिता काय सांगितलं गेलं. बहुतेकांची शेवटची नोंद राहून जाते आणि अभ्यासाचा कस तिथेच असतो.

‘सेरेमनी’त टायो, एमो, हार्ली, लीरॉय हे युद्धावरून आलेले तरुण मूलनिवासींच्या राखीव प्रदेशाच्या (रिझर्व्हेशनच्या) हद्दीबाहेरच्या बारमध्ये बसतात. पैसे सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या चेकचे. गप्पा एकच : गणवेश अंगावर होता तेव्हा गोऱ्या बायका आपल्याबरोबर नाचायच्या, दुकानदार अदबीनं बोलायचे. गणवेश उतरला आणि तेच दुकानदार पुन्हा नजर फिरवू लागले. आता छपाईकडे बघा. सिल्को यांनी या कादंबरीत लगुना समाजाच्या जुन्या कथा कवितेसारख्या, छोट्या ओळींत, पानाच्या मधोमध छापल्या आहेत. बारमधली एमोची बढाईही अगदी त्याच आकारात छापली आहे. म्हणजे पिणाऱ्यांचं कोंडाळं हे कथा सांगण्याच्या जुन्या बैठकीची खोटी प्रत आहे. तीच माणसं, तसंच गोल बसणं, तसंच पुन्हा पुन्हा तेच सांगणं. फरक एवढाच की जुन्या कथेनं पाऊस येतो आणि या कथेनं तहान वाढते. एमो खिशातल्या पिशवीत मेलेल्या जपानी सैनिकाचे दात बाळगतो आणि ते खुळखुळवतो, तेही विधीतल्या वस्तूसारखेच. पाचवी नोंद ठेवली नसती तर हे निसटलं असतं, आणि ‘ताण विसरण्यासाठी पितात’ असं सपाट वाक्य पडलं असतं.

‘लव्ह मेडिसिन’मधला गॉर्डीचा प्रसंग सावकाश वाचा. जून गेल्यावर तो घरात एकटा पीत बसलाय. लगेच आधीची नोंद काय? त्यानं तिचं नाव मोठ्यानं उच्चारलं. मेलेल्या माणसाला हाक मारायची नसते हे त्याला माहीत आहे. मग त्याला खिडकीत तिचा चेहरा दिसतो आणि तो गाडी काढून पळतो. वाटेत हरिणी गाडीखाली येते. डिकी उघडत नाही, म्हणून तो तिला मागच्या सीटवर टाकतो. ती मेलेली नसते. आरशात तिचे डोळे दिसतात, आणि तो लोखंडी कांबीनं तिला मारतो. त्या क्षणी त्याची खात्री पटते की आपण जूनला मारलं. रात्री तो कॉन्व्हेंटच्या खिडकीशी जाऊन एका ननपाशी खुनाची कबुली देतो. ती बाहेर येऊन बघते, तर गाडीत हरिणी.

हा भ्रम ‘दारूमुळे झालेला भास’ म्हणून निकाली काढू नका. गॉर्डी एकेकाळचा मुष्टियोद्धा आहे आणि लग्नात त्यानं जूनवर हात उचललेला आहे. त्या रात्री तो ज्याची कबुली देतो ते खोटं आहे, आणि ज्याची द्यायला हवी होती ते खरं आहे. शुद्धीवर असताना त्याच्या तोंडून ते कधी निघालं नाही. इथे दारू विसरायला लावत नाही, चुकीच्या पत्त्यावर का होईना, सत्य बाहेर काढते. त्याच वेळी एक रेघ ठाम ओढा. गॉर्डीचा हात असा का झाला याचा इतिहास सांगता येतो, पण त्या इतिहासानं हात धुतला जात नाही. मूलनिवासी स्त्री-पात्रांवरची मारहाण ‘ऐतिहासिक आघात’ या शब्दाखाली झाकणाऱ्या प्रबंधिका बऱ्याच लिहिल्या जातात. तुमची त्यांत नसावी.

याच कादंबरीत व्हिएतनामहून परतलेल्या हेन्रीची आणि लायमनची लाल मोटार आहे. दोघे भाऊ. हेन्री घरात गप्प बसून टीव्ही बघतो, ओठ इतका चावतो की रक्त हनुवटीवर ओघळतं आणि जेवताना पावाच्या तुकड्याला लागतं. जेवणाऱ्यांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नाही. लायमन एका रात्री हातोडी घेऊन ती जपलेली मोटार ठोकून खिळखिळी करतो, हेतू हा की हेन्रीला दुरुस्त करायला काहीतरी मिळावं. हेन्री खरोखरच ती खपून नीट करतो. मग दोघं नदीकाठी जातात आणि हेन्री पुरात उतरतो तो परत येत नाही. ‘नाती तुटली’ असं लिहिताना या हातोडीची आठवण ठेवा. इथे नातं तुटलेलं नाही, ते जिवाच्या आकांतानं काम करतंय आणि तरी पुरं पडत नाहीये. ‘ताण’ आणि ‘तूट’ हे दोन वेगळे शब्द वापरा.

सॉलची वही आणि गप्प राहिलेली पानं

‘इंडियन हॉर्स’ व्यसनमुक्ती केंद्रात सुरू होते. तिथे गोल बसून प्रत्येकानं आपली कहाणी सांगायची असते. सॉलला बोलता येत नाही म्हणून तो लिहितो. म्हणजे आपण वाचतो आहोत तो उपचाराचा कागद आहे, आणि लिहिणारा माणूस स्वतःपासूनही काही लपवतो आहे.

शाळेत फादर लेबुटिलिए हा तरुण पाद्री बर्फावरची हॉकी आणतो. सॉल लहान असतो, म्हणून त्याला खेळता येत नाही. पहाटे उठून बर्फाचं मैदान साफ करायचं काम तो मागून घेतो. घोड्याच्या गोठलेल्या लेंड्या चेंडूसारख्या वापरून एकटाच सराव करतो. पाद्री त्याला जवळ करतो, पाठीशी घालतो. वाचक त्या पाद्र्यावर विश्वास टाकतो. पुस्तक संपत आल्यावर सॉल त्या ओसाड शाळेपाशी परत जातो, आणि तेव्हा त्याला आठवतं, आणि आपल्यालाही कळतं, की हाच माणूस त्याचं लैंगिक शोषण करत होता. ज्या हातानं बर्फ दिला त्याच हातानं बालपण काढून घेतलं.

इथे दुसऱ्या वाचनाला पर्याय नाही. पाद्री ज्या ज्या पानावर येतो तिथे समासात खूण करा. कौतुकाचे शब्द, खांद्यावरचा हात, ‘आपल्या दोघांतलं’ असं काही, आणि ज्या जागी सॉल एकदम विषय बदलून खेळाच्या वर्णनात शिरतो ती जागा. मग दिसेल की हॉकीची सुंदर वर्णनं हीच लपण्याची जागा होती. खेळताना तो पीत नाही. टोरोंटोत प्रेक्षक आणि वार्ताहर त्याला ‘इंडियन’ म्हणून डिवचू लागतात, तो मैदानावर मारामारी करू लागतो, खेळ सुटतो, आणि त्यानंतर बाटली येते. क्रम पाहा : आधी कुटुंब, मग अंग, मग खेळ, आणि सगळ्यांत शेवटी दारू. मध्ये अर्व्ह सिफ्ट नावाचा भला शेतकरी त्याला घरी ठेवून घेतो. सॉल काही काळ सावरतो, पुन्हा चोरून पिऊ लागतो आणि निघून जातो. माया कमी पडली म्हणून तो गेला नाही. जे आठवतच नाही त्यावर कुणाची माया लागू कशी पडणार?

तारखा, पण मापात

प्रबंधिका पंधरा हजार शब्दांची असेल तर इतिहासाला हजार-दीड हजारांहून जास्त देऊ नका, आणि प्रत्येक तारीख एखाद्या प्रसंगाला बांधा. मोकळी तारीख काढून टाका.

कामाच्या तारखा थोड्या आहेत. पेनसिल्व्हेनियातली कार्लाइल ही निवासी शाळा १८७९ साली निघाली आणि तिचा नमुना इतरत्र गिरवला गेला. कॅनडात १९२०च्या कायदेबदलानं मूलनिवासी मुलांना शाळेत घालणं सक्तीचं झालं. दीड लाखाहून अधिक मुलं त्या निवासी शाळांतून गेली, शेवटची शाळा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाली आणि या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली आला. या सगळ्या तारखा सॉलच्या ओळीत जातात. अमेरिकेत मूलनिवासींना दारू विकण्यावर संघीय कायद्यानं बंदी होती, ती १९५३ साली उठली. न्यू मेक्सिकोत राखीव प्रदेशातल्या मूलनिवासींना मतदानाचा हक्क मिळाला १९४८ साली. ‘सेरेमनी’तली मुलं लढून आली तेव्हा त्यांना घरच्या राज्यात मतही देता येत नव्हतं. एमोच्या बढाईमागची आग तिथली आहे. १९५३ सालीच अमेरिकी काँग्रेसनं अनेक जमातींशी असलेलं सरकारी नातं संपवण्याचा ठराव केला आणि त्या यादीत टर्टल माउंटनचे चिपेवा, म्हणजे ओजिब्वे, होते. अर्ड्रिक त्याच समाजाच्या. १९७८ साली मूलनिवासी मुलं परक्या घरांत देण्यावर निर्बंध घालणारा बालकल्याण कायदा आला, आणि त्याची गरज का पडली हे लिप्शाच्या कोऱ्या रकान्यावरून कळतं, जरी त्याला वाढवणारी मारी घरचीच असली.

कुठे चुकतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे निदान लिहिणं. ‘टायोला पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) आहे’ हे वाक्य परीक्षकाला आवडेल, पण अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीत तो आजार १९८० साली आला आणि कादंबरी आहे १९७७ची. शिवाय कादंबरी त्या पद्धतीशीच भांडते. लष्करी इस्पितळातले डॉक्टर टायोला सांगतात की इतरांचा विचार सोड, ‘आम्ही’ म्हणू नकोस, फक्त स्वतःपुरतं बघ. टायोला आतून ठाऊक आहे की औषध असं लागू पडत नसतं. ज्याचा आजारच ‘आम्ही’ तुटल्याचा, त्याला ‘मी’ची मात्रा दिली जाते. गावचा जुना वैदू कू’ऊश येतो, पण त्याचा विधी शत्रूला समोर पाहून मारणाऱ्या योद्ध्यासाठी आहे. आपण कुणाला मारलं की नाही हेच टायोला सांगता येत नाही. मग गॅलप शहराच्या वरच्या टेकडीत राहणारा दुसरा वैदू, बेटोनी. त्याच्या झोपडीत जडीबुटीबरोबर जुनी कॅलेंडरं आणि टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या रचलेल्या. विधी बदलत राहिले तरच जिवंत राहतात, हे त्याचं म्हणणं. संज्ञा हवीच असेल तर लाकोटा समाजातल्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी मांडलेली ऐतिहासिक आघाताची संकल्पना घ्या. तिच्यात दुःख पिढ्यांचं मानलं आहे, एका डोक्यातलं नव्हे.

दुसरी चूक : ‘त्यांच्या रक्तातच दारू पचवण्याची ताकद नाही’ हा समज. त्याला पुरावा नाही. अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण मूलनिवासींमध्ये इतरांहून जास्त असल्याचं अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसून आलं आहे. मारी, आजी नाओमी यांना वहीत जागा द्या. न पिणाऱ्यांची नोंद नसेल तर वही खोटी ठरते.

तिसरी चूक खास आपली : महाराष्ट्रातला अनुभव तसाच्या तसा तिकडे लावणं. गोंड, भिल्ल, कोरकू घरांत मोहाच्या दारूला देवापुढे, लग्नात, मयतीत जागा आहे. सॉलच्या ओजिब्वे प्रदेशात दारू आली ती फरच्या व्यापाऱ्यांबरोबर, सौद्याचं हत्यार म्हणून. दोन्हींना एकच ‘दारू’ समजून तुलना केली की दोन्ही बाजू चुकतात. आश्रमशाळेचंही तसंच. घरच्या बोलीतून मराठीत ढकललं गेलेल्या मुलाचं गप्प होणं तुम्हाला सॉलपर्यंत पोचवेल. पण तिकडच्या शाळांचं जाहीर धोरणच मूल घरापासून तोडायचं होतं. साम्य भाषेपुरतं लिहा, धोरणापर्यंत ओढू नका. आणि ‘अश्वत्थाम्याची भळभळती जखम’ ही उपमा हाताशी येईल, ती खाली ठेवा. अश्वत्थाम्याला ती शिक्षा म्हणून मिळाली होती. सॉलनं काय केलं होतं?

आणखी एक. या पुस्तकांतलं हसू सोडून देऊ नका. ‘लव्ह मेडिसिन’मध्ये मारी आणि नवरा नेक्टर यांचं मन जुळावं म्हणून लिप्शाला जन्मभर जोडीनं राहणाऱ्या हंसांची काळजं हवी असतात. नेम चुकतो, म्हणून तो दुकानातून गोठवलेल्या टर्कीची काळजं आणतो. पाद्री मंत्रून देत नाही, तेव्हा पवित्र पाणी स्वतःच शिंपडतो. नेक्टरच्या घशात काळीज अडकतं आणि तो मरतो. हसता हसता घास अडकावा असाच हा प्रसंग लिहिला आहे. नुसती दुःखाची यादी करणाऱ्या अभ्यासाबद्दल ईव्ह टक या मूलनिवासी अभ्यासिकेनं २००९ साली इशारा दिला होता : समाजाला फक्त मोडलेला म्हणून दाखवत राहिलं की तो तसाच ओळखला जाऊ लागतो. मूलनिवासी लेखक जेराल्ड विझेनर यांची ‘सर्व्हायव्हन्स’ ही संज्ञा मराठीत आणायची तर ‘तगून राहणं’ पुरत नाही, ‘तगणं आणि नडणं’ असं काहीतरी करावं लागेल. ‘बळी’ हा शब्द जपून वापरा, ‘दारुडा’ आणि ‘रेड इंडियन’ अजिबात नको. जिथे शक्य तिथे लगुना, ओजिब्वे अशी नावंच लिहा.

विधींचा तपशील खणत बसू नका. ‘सेरेमनी’त आलेली काही कथा-सामग्री कुळाबाहेर सांगायची नसते, अशी हरकत लगुना वंशाच्याच पॉला गन ॲलन यांनी १९९० साली घेतली होती. विधी टायोला काय करतो ते लिहा. त्याचा गुप्त अर्थ काय, हे आपलं काम नाही.

पाचवा रकाना

रिकामा सोडलेल्या रकान्याला नाव द्या : कोण कुठे परतलं. विल्यम बेव्हिस या समीक्षकानं १९८७ साली दाखवून दिलं की युरोपीय वळणाच्या कादंबरीत नायक घर सोडून स्वतःला शोधतो, तर मूलनिवासी कादंबरीत तो घरी येतो आणि तिथेच कथानक पुरं होतं. हे मनात ठेवलं की ‘पात्र बरं झालं का?’ हा प्रश्न मागे पडतो. शेवटी टायो हातात स्क्रूड्रायव्हर धरून अंधारात लपला आहे आणि समोर एमो हार्लीचे हाल करतो आहे. टायो वार करत नाही. केला असता तर पिऊन खून करणारा आणखी एक इंडियन, एवढीच बातमी झाली असती. तो गावात येतो आणि म्हाताऱ्यांना सगळं सांगतो. बारमधल्या खोट्या बैठकीची जागा खरी बैठक घेते. तरीही हार्ली मेला तो मेलाच. हे लिहायला बिचकू नका.

लिप्शा जूनच्या विम्याच्या पैशातून आलेली मोटार पत्त्यांत जिंकतो आणि पूल ओलांडून ती घराकडे नेतो, जणू बर्फात अर्ध्यावर राहिलेली आई घरी चालली आहे. सॉल मॅनिटुवॉज या गावी, ज्या केली कुटुंबानं त्याला शाळेतून बाहेर काढलं त्यांच्याकडे परत जातो. त्या घरचे फ्रेड आणि मार्थाही त्याच शाळेतून गेलेले. ही नोंद शाईनं करा आणि मग त्यांच्या ओळीही तक्त्यात घाला, चारही रकान्यांसह. तिथे आधीच्या प्रकरणांतलं त्यांचं वागणं, मूल घरात आणण्याची त्यांची घाई, त्याला काही न विचारणं, सगळं पुन्हा तपासावं लागेल.

वर्गात सादरीकरण करणार असाल तर सॉलचं ओसाड शाळेतलं प्रकरण मोठ्यानं वाचू नका. आदल्या दिवशी सांगून ठेवा की विषय बालशोषणाचा आहे, ज्यांना बाहेर बसायचं ते बसोत, कारण विचारलं जाणार नाही.